गच्चीवरून दिसणारी लाल रेघ

बुधवार पेठेतल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर मार्च-एप्रिलमधल्या रात्री कधी गेला आहात का? अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं बंद झालेली असतात, लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी ओसरलेली असते. दक्षिणेकडे पाहिलं की पर्वती, तिच्या मागे तळजाई, आणखी मागे कात्रजचे डोंगर आणि नैर्ऋत्येला सिंहगडाची रांग. एखाद्या रात्री त्या काळोख्या डोंगरावर एक बारीकशी लाल रेघ दिसते. कुणी दिव्यांची माळ सोडावी तशी! धाकटी भावंडं म्हणतात, ‘‘कित्ती छान दिसतंय!’’ आजी मात्र कठड्याला धरून म्हणते, ‘‘अगं बाई, वणवा लागलाय वाटतं.’’

आजीचं बरोबर असतं. दुरून माळ दिसते ती जवळून पाहिली, तर गुडघाभर वाळलेल्या गवतातून तडतडत पुढे सरकणारी आग असते. या दिवसांत टिटवी, चंडोल, तित्तर हे पक्षी चक्क जमिनीवर अंडी घालतात. सरडे, विंचू, गोगलगायी, नाकतोडे यांची घरंही तिथंच. उडता येतं ते उडून जातात. कोतवाल पक्षी तर वणव्याच्या कडेकडेनं घिरट्या घालतो, कारण आगीला भिऊन उडालेले किडे त्याला आयते मिळतात. पण अंडी कुठं जाणार? आणि गेल्या पावसाळ्यात कुणीतरी हौसेनं लावलेलं वीतभर उंचीचं आवळ्याचं रोप?

तुम्ही म्हणाल, आम्ही पेठेत राहणारी मुलं, डोंगर तिकडे लांब, आम्हांला त्याचं काय? तर मुलांनो, तो डोंगर वाटतो तितका लांब नाही बरं का! अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधला आणि तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत आणलं. कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस पेठेतल्या बायका घागरीनं भरून नेत होत्या! उतारावर गवत असलं की पाऊस त्यात अडतो, मुरतो, हळूहळू झिरपतो. गवत जळून उतार उघडा पडला, की वळवाचा पहिला जोरदार पाऊस माती घेऊनच खाली येतो. ही माती मग ओढ्यांत आणि तलावांत जाऊन बसते.

काडी लावतं कोण?

अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात पुष्कळ वणवे कोरड्या विजेनं लागतात. म्हणजे वीज पडते, पण पाऊस पडत नाही. आपल्या सह्याद्रीत वीज येते ती बहुधा वळवाच्या पावसाला सोबत घेऊनच. दोन फांद्या एकमेकींवर घासून आग लागते, असंही पुष्कळांना वाटतं. पण पुण्याच्या टेकड्यांवर घासायला फांद्या आहेतच किती? तिथं जळतं ते गवत. आणि गवताला आग लावतो तो माणूस. कधी चुकून, कधी मुद्दाम.

चुकून कसा? कुणी विडी-सिगारेटचं पेटतं थोटूक टाकतं. कुणी सहलीला जाऊन तीन दगडांची चूल मांडतं आणि ‘विझली असेल’ म्हणून निघून येतं. कुणी टेकडीच्या कडेला कचऱ्याचा ढीग पेटवतं. मावळ, मुळशी, वेल्ह्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरून ते जाळतात. राब भाजणारा शेतकरी चहूकडे लक्ष ठेवूनच काम करतो. पण एप्रिलमधला वारा एकदा फिरला, की ठिणगी बांध ओलांडून डोंगराला लागते.

आणि मुद्दाम कसा? इथं मात्र जरा थांबायला हवं. कारण मुद्दाम लावणारा माणूस दर वेळी दुष्टच असतो असं नाही. ‘‘जुनं गवत जाळलं की पावसाळ्यात नवं गवत जोमानं येतं,’’ हे त्यानं वडिलांकडून ऐकलेलं असतं, वडिलांनी आजोबांकडून. त्याच्या गाईगुरांचं पोट त्या गवतावर असतं. त्याला नुसतं ‘‘जाळू नका’’ म्हणून भागेल का? त्याचं म्हणणं खरं की खोटं, हे आधी पाहायला नको का?

कुसळाची गंमत

थोडंसं खरं आहे ते. जुन्या गवताचं जाडजूड पांघरूण जळून गेलं, की खालच्या कोंबांना ऊन लागतं आणि ते भराभर वर येतात. काळ्या राखेवर ते हिरवे कोंब उठूनही दिसतात. पण गवतातला बराचसा नायट्रोजन तर धुराबरोबर केव्हाच उडून गेलेला असतो. उरलेली राख थोडी वाऱ्यावर जाते, थोडी पहिल्या पावसात वाहून जाते. आणि दर वर्षी जाळत राहिलं, तर उगवतं तरी कोणतं गवत?

टेकडीवर फिरून आल्यावर पायमोज्यांत जे अडकतं आणि आई करवादते, ते कुसळ आठवा. कुसळी गवताचं बी म्हणजे निसर्गाचा एक स्क्रूच! त्याला एक टोकदार बुड असतं आणि मागं लांब शेपटी. शेपटीला पीळ असतो. हवेत ओलावा आला की पीळ उलगडतो, हवा कोरडी झाली की पुन्हा बसतो. असं उलगडत-पिळत ते बी स्वतःच जमिनीत घुसतं. वरून आग जाते ती काही क्षणांत, आणि माती तर उष्णता फारशी खाली जाऊ देत नाही. बी बोटाच्या पेरभर खाली असलं तरी सुखरूप! जी बियाणं मातीवर नुसती पडून असतात, ती मात्र भाजून निघतात. म्हणजे दर वर्षी आग लावली, की कुसळीचं फावतं आणि मारवेलसारखं गुरांना आवडणारं सकस गवत मागे पडतं. कुसळी कोवळी असताना गुरं खातात, पण एकदा कुसळं धरली की ती मेंढ्यांच्या तोंडात टोचतात, लोकरीत रुततात. ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांनाही आपल्या या कुसळीचा चांगलाच परिचय आहे. तिथंही वारंवार जाळलेल्या कुरणांत ती माजते.

तेव्हा डोंगर जाळणाऱ्या काकांना सांगायचं ते हे, की ‘‘काका, चांगल्या गवतासाठी जाळता ना, तेच तर त्यामुळे कमी होतंय!’’ गवत पिवळं पडायच्या आत कापून घरी नेलं, तर गुरांना चारा मिळतो आणि डोंगरावर जळायला काही उरतच नाही. एका कामात दोन कामं होतात. (मोठ्यांच्या तोंडावर असं बोलायचं धाडस होत नसेल तर हा अंक दाखवा!)

हा प्रयोग मात्र नक्की करा. जानेवारीत टेकडीवरून चार-पाच पिकलेली कुसळं आणा. एक कुसळ ओल्या कापसावर ठेवा आणि घड्याळ लावून पाहत बसा. शेपटी कशी गरागरा फिरते ते पाहून घरातले मोठेही जमतील.

डोंगराला भांग

आग लागायला तीन गोष्टी लागतात, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. जळण, हवा आणि उष्णता. डोंगरावरची हवा कुणाला बंद करता येणार नाही. उष्णता कमी करायची तर पाणी हवं, आणि कात्रजच्या कड्यावर बंब चढणार कसा? उरलं जळण. म्हणून वणव्याशी खरी लढाई होते ती जळणाशी, आणि तीही आग लागायच्या कितीतरी आधी.

त्यासाठी वन विभाग ‘जाळरेषा’ काढतो. आई वेणी घालताना भांग पाडते ना, तसा डोंगराला भांग पाडायचा! दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की ठरलेल्या ओळीवर काही मीटर रुंदीचा पट्टा आखतात. पट्ट्याच्या दोन्ही कडांचं गवत कापून, झाडून कडा आधी साफ करतात. मग वारा पडलेला असताना, माणसं दोन्ही बाजूंना उभी करून, मधलं गवत जाळून टाकतात. उन्हाळ्यात आग चालत चालत या पट्ट्यापाशी येते आणि तिला पुढे खायला काही मिळत नाही. ती तिथंच मान टाकते. आहे की नाही नवल? आगीचा रस्ता अडवायलाही आगच कामाला आली!

पण जाळरेषा वेळेवर निघायला हवी. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वणव्याचा हंगाम. मार्चमध्ये घाईघाईनं जाळरेषा काढायला जाल, तर तोच वणवा व्हायचा. शिवाय वाऱ्यानं उडालेला पाचोळा पट्ट्यात पुन्हा साचतो, तो झाडत राहावं लागतं. हल्ली त्यासाठी वनरक्षकांच्या पाठीवर हवा सोडणारी ब्लोअर यंत्रं असतात. तरीही आग पट्टा ओलांडून गेलीच, तर हिरव्यागार डहाळ्या घेऊन माणसं ती झोडपून विझवतात. धुरात, उतारावर, भर उन्हात. पेपरात त्यांचं नाव येत नाही.

जळण तोडून आग अडवायची, ही युक्ती पेठेलाही नवी नाही. पूर्वीचे वाडे लाकडी, एकमेकांना खेटून. एक पेटला की शेजारच्याचं छप्पर उतरवून मध्ये मोकळी जागा करायची, म्हणजे पुढचे तरी वाचायचे. बुधवार पेठ हे नाव आगीच्या इतिहासात आहेच. १३ मे १८७९ च्या रात्री इथला दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा जळाला. त्याच रात्री इथून पाच मिनिटांवरच्या विश्रामबाग वाड्यालाही आग लागली. विश्रामबाग वाडा दुरुस्त होऊन आजही उभा आहे, पण बुधवार वाडा गेला तो गेलाच. तारीख पाहिलीत का? मे महिना. लाकूड सुकून खडखडीत झालेलं. आणि त्या आगी लागलेल्या नव्हत्या, लावलेल्या होत्या.

भिंती उभ्या केल्या आणि जंगल पेटवलं

जंगलाच्या कडेला घर असेल तर ते कशानं पेटतं? तुम्ही म्हणाल, ज्वाळांनी. जॅक कोहेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला याची खात्री नव्हती. कॅनडाच्या उत्तरेकडच्या जंगलात एक मोठा प्रयोग झाला. जंगलाच्या कडेपासून १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभ्या केल्या आणि चक्क जंगल पेटवून दिलं! झाडांच्या शेंड्यांपर्यंत ज्वाळा गेल्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. २० मीटरवरच्या फार तर करपल्या, पेटल्या नाहीत. ३० मीटरवरच्या भिंतींना काही झालं नाही.

मग वणव्यात गावंच्या गावं कशी जळतात? ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियात पॅराडाइज नावाचं गाव जळालं, ८५ माणसं गेली. अशा वणव्यांत पुष्कळ घरं पेटतात ती वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी. निखारा येऊन पडतो छपराच्या पन्हळीत साचलेल्या पाचोळ्यावर, दारातल्या पायपुसण्यावर, भिंतीला टेकवलेल्या लाकडांवर. तिथून घर पेटतं. म्हणून कॅलिफोर्नियात वणव्याच्या टापूतल्या घरांभोवती १०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण ३० मीटर, वाळकं जळण हटवून जागा आटोपशीर ठेवावी असा कायदा आहे.

आपली घरं सिमेंटची, विटांची, पत्र्याची. पॅराडाइजसारखी लाकडी नव्हेत. पण पर्वतीच्या उतारावर वस्ती आहे, गल्ल्या इतक्या अरुंद की बंब आत शिरत नाही. इतर टेकड्यांना खेटूनही सोसायट्या आहेत. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे एकदा डोकावून पाहा. फाटक्या गाद्या, थर्माकोल, नारळाच्या झावळ्या, गणपतीच्या मखराचे तुकडे! ‘भिंतीपलीकडे टाकलं म्हणजे संपलं’ असं आपण समजतो, आणि टेकडीचं गवत व आपली भिंत यांच्यामध्ये स्वतःच्या हातांनी जळण रचून ठेवतो. याबाबत मुलांपेक्षा पालकांनाच बोलायला हवं असं मला वाटतं. फेब्रुवारी उजाडायच्या आत तो ढीग उचलायचा. भिंतीच्या बाहेरचं गवत कापायचं (जागा वन विभागाची असेल तर त्यांना कळवून). पत्र्यावरचा पाचोळा झाडायचा. आणि झाडलेला पाचोळा पेटवायचा नाही! पुण्यात २०१६ मध्ये ‘ब्राऊन लीफ’ नावाची चळवळ सुरू झाली. ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे त्यांनी तो बागेला खतासाठी हवा असणाऱ्यांना द्यायचा, एवढी साधी कल्पना.

टेकडीच्या माथ्यावर राहणाऱ्यांनी तर जास्तच जपायला हवं. आगपेटीची काडी पेटवून सरळ धरली तर ज्योत शांत जळते, खाली वाकवली तर झर्रकन बोटांकडे धावते, हे आई गॅस पेटवताना तुम्ही पाहिलं असेल. डोंगरावर तेच होतं. ज्वाळा आणि गरम हवा वर जातात, वरचं गवत आधीच तापवून ठेवतात. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा आहे. चढावर माणूस दमतो, आग मात्र पळते.

११ मार्च २०१८ ला तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात भटकायला गेलेले तरुण-तरुणी उतारावरच्या वाळक्या गवतात असेच वणव्यात सापडले. वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. पुण्यातून दर रविवारी किती जण गडकिल्ल्यांवर जातात! मार्च ते मे जात असाल तर एवढं पक्कं लक्षात ठेवा. खाली धूर दिसला की पुढे जायचं नाही. आगीच्या वर, चढाकडे पळायचं नाही. घळीत शिरायचं नाही, ती धुराड्यासारखी आग वर ओढते. उघडा कातळ, नांगरलेलं शेत किंवा आधीच जळून थंड झालेली जागा गाठायची. आणि आग विझवायला तुम्ही मुलांनी अजिबात जायचं नाही, कितीही शूर वाटलं तरी.

उपग्रह मोठा की गच्ची?

मग मुलांनी करायचं काय? पाहायचं आणि सांगायचं. तुम्हांला वाटेल, हल्ली उपग्रह असताना आमची काय गरज? देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीनं वणवे शोधते आणि त्या त्या भागातल्या वनाधिकाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश पाठवते. फार उपयोगी काम आहे ते. पण असा उपग्रह आपल्या डोक्यावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातो, आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा शेकडो मीटरचा चौकोन. टेकडीवरचं गवत तर तासा-दोन तासांत जळून मोकळं होतं. दुपारी उपग्रह गेला आणि संध्याकाळी सहाला काडी पडली, तर त्याला कळणार केव्हा? रात्री उशिरा. तोवर सगळं आटोपलेलं!

तुमची गच्ची मात्र कुठं जात नाही. डोंगरावर रेघ किंवा धूर दिसला की मोठ्यांना बोलवायचं आणि फोन करायचा. वन विभागाचा १९२६, अग्निशामक दलाचा १०१, नाहीतर सगळ्यांसाठी एकच असा ११२. फोनवर नुसतं ‘‘डोंगराला आग लागलीय’’ म्हणून उपयोग नाही. कोणता डोंगर, कोणत्या बाजूला, रेघ वर चढतेय की खाली उतरतेय, जवळ घरं किंवा एखादं देऊळ आहे का, हे सांगायचं. म्हणजे आधी डोंगरांची नावं माहीत हवीत! एखाद्या सकाळी आजोबांना घेऊन गच्चीवर जा आणि दिसणाऱ्या प्रत्येक डोंगराचं नाव लिहून नकाशा काढा. तो जिन्यापाशी चिकटवून ठेवा. राखीव जंगलाला आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, पण लावणारा सापडणं कठीण. आग लवकर सापडणं त्या मानानं सोपं.

आता या उन्हाळ्यासाठी एक काम. तळजाईला किंवा वेताळ टेकडीला फिरायला जाल तेव्हा एखादा जळून काळा झालेला तुकडा दिसेल, त्याच्या शेजारीच न जळलेलाही असेल. वाटेवरून दिसतील असे दोन्ही तुकडे हेरून ठेवा. एखादा मोठा दगड किंवा झाड खूण म्हणून वहीत लिहा. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर जा, मग ऑगस्टमध्ये, मग दिवाळीच्या सुट्टीत. कुठून माती जास्त वाहिली? टाकळा कुठं जास्त, गवत कुठं? फुलपाखरं कुठं बसतात? आणि दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही तुकड्यांतून दहा-दहा पावलं चालून, प्रत्येक वेळी पायमोज्यात अडकलेली कुसळं मोजा.